फाईल घरी आहे

‘कुठे ठेवू?’ हा प्रश्न मी आयुष्यात जितक्या वेळा विचारला, तितक्या वेळा ‘जेवलात का?’ असंही कोणाला विचारलं नसेल. पुसदला जुन्या बसस्टँडमागच्या गल्लीत माझं टायपिंगचं दुकान होतं. आधी टाइपरायटर होता, मग कॉम्प्युटर आले. लग्नपत्रिका, अर्ज, सोसायटीचे ठराव, शाळांच्या प्रश्नपत्रिका, तेरवीची कार्डं, सगळं तिथे टाइप व्हायचं. टाइप करायला काय, कोणीही शिकतं. केलेलं काम ठेवायचं कुठे आणि वर्षभराने गिऱ्हाईक दारात उभं राहिलं की काढून द्यायचं कुठून, खरी दुकानदारी त्यात असते.

दुकान आता बंद आहे. पण दुपारी पडल्या पडल्या डोळा लागला की ती पांढरी चौकट मला अजून दिसते. फाईल ठेवताना पडद्याच्या मधोमध उघडायची ती. वर नाव लिहायला जागा, खाली फोल्डरांची रांग, आणि मी झोपेतच बडबडते, ‘थांबा, आधी जागा पाहू द्या.’ आमचे हे बाजूच्या खाटेवरून विचारतात, “कोनाले जागा देऊन राह्यली व तू?”

ज्यांचा ह्या यंत्राशी संबंध आला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. फाईल म्हणजे कागद आणि फोल्डर म्हणजे कप्पा. आमच्या जुन्या सिस्टीममध्ये दोन कपाटं असायची, एक ‘सी’ आणि एक ‘डी’. ‘सी’मध्ये मशीनचं स्वतःचं सामान. मशीन बिघडलं की मेकॅनिक आधी ‘सी’ पुसून काढायचा, म्हणून तिथे गिऱ्हाइकाचं काही ठेवायचं नाही, हा आमच्या धंद्यातला पहिला धडा. सगळं ‘डी’त. माझ्या ‘डी’मध्ये गावांच्या नावाचे फोल्डर होते: ढाणकी, उमरखेड, महागाव, गुंज. आमच्याकडे माणूस आडनाव नंतर सांगतो, गाव आधी सांगतो. दारातूनच हाक यायची, “ढाणकीवाला हो ताई,” की माझा हात आपोआप तिकडे वळायचा. गावाच्या फोल्डरात मग एकेका माणसाचा फोल्डर.

ती वर्षं कापसाच्या पडत्या काळाची होती. आमच्या ह्यांची जिनिंगमधली, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यातली, नोकरी तो बंद पडल्यावर गेली आणि घर दुकानावर आलं. काळ कसा आहे हे मला वर्तमानपत्राआधी पत्रिकांवरून कळायचं. कापूस चांगला असला की सोनेरी गणपती, तीन घड्या, आत बारीक कागदाचं पान. कापूस पडला की एक घडी, काळी शाई, आणि ‘स्वागतोत्सुक’ खालच्या नावांना कात्री. एकदा एका मुलीच्या बापाने प्रूफ हातात घेऊन स्वतःच्याच भावाचं नाव कापलं होतं. म्हणाला, “तो जवळच राह्यते, त्याले तोंडानं सांगतो.” मुंबई-दिल्लीचे पत्रकारही तेव्हा यायचे. घाईघाईत बातमी टाइप करून पाठवायचे आणि जाताना विचारायचे, इथे बघण्यासारखं काय आहे. मी म्हणायची, चार वाजता लाईन येते, ती बघून जा.

लाईन म्हणजे वीज. ती ठरलेल्या वेळी जायची आणि न ठरलेल्या वेळीही जायची. लाईन गेली की पंखा थांबायचा, गल्ली शांत व्हायची आणि वरच्या झरोक्यातून उन्हाची एक पट्टी दुकानात उतरायची. हंगामात त्या पट्टीत कापसाची पिंजर, म्हणजे सुटलेले तंतू, तरंगत असायची. कुठून यायची कोण जाणे; गाड्यांवरून उडायची, माणसांच्या अंगावरून यायची. वर जायची, खाली यायची, पण कुठे बसायचीच नाही. मी आणि वाट पाहणारी गिऱ्हाइकं तिच्याकडे बघत बसायचो. धंद्याचं नुकसान व्हायचं खरं, पण मला त्या दुपारी आवडायच्या.

मग व्हायरस आला. पेन ड्राईव्ह नवीन निघाले होते आणि लोक ते खिशात तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्याच्या पुडीजवळ ठेवायचे. ह्या दुकानातून त्या दुकानात, त्या दुकानातून ह्या. एका आठवड्यात माझी सगळी मशीनं झोपली. यवतमाळहून रफीकभाई आले. माझा जुना मेकॅनिक, स्वभावाने फकीर. त्यांनी मशीन उघडलं, फुंकर मारली आणि म्हणाले, “ताई, ही जुनी सिस्टीम अब बस झाली. नवी टाकतो. फुकट हाये आनि याले व्हायरस लागत नाई. पेंग्विनच्या चित्रावाली.”

नवी सिस्टीम सुरू झाली आणि मी घाबरलेच. ना ‘सी’, ना ‘डी’. डाव्या बाजूला एका लहानशा घराचं चित्र.

“माझं ‘डी’ कुठे गेलं, रफीकभाई?”

“इथं सी नाई, डी नाई. एकच घर. सगळं घराच्या आत.”

मला ते ऐकायला फार बरं वाटलं. त्यांनी जुन्या ‘डी’तली सगळी गावं उचलून त्या घरात आणून ठेवली. निघताना एक गोष्ट मात्र बजावली. ह्या सिस्टीमला एक खोड होती. फाईल ठेवायची चौकट उघडली की ती शेवटी ज्याच्या फोल्डरात गेली असेल, त्याच्याच दारात जाऊन उभी राहायची. आपण फिरवून योग्य जागी न्यायचं, मगच बटन दाबायचं. “नाई तं याची फाईल त्याच्या घरी,” रफीकभाई म्हणाले, “आनि बोंबलत बसाल.”

ह्या घराने पहिला फटका दिला तो आत्राम सरांना. सर मूळचे मुकुटबनचे. नोकरी पुसदजवळच्या आश्रमशाळेत, आणि मुकुटबन जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला. सणावारालाच जाणं व्हायचं. त्यांनी मुलांसाठी गोष्टींचं एक हस्तपुस्तक माझ्याकडे टाइप करून घेतलं होतं. दुरुस्तीसाठी त्यांचा फोन आला तेव्हा मी पत्रिकांच्या गर्दीत होते. म्हटलं, “सर, काळजी करू नका, फाईल घरी आहे.” आणि फोन ठेवला.

सर आले ते चार-पाच दिवसांनी. डोळे लाल, कपड्यांवर प्रवासाची धूळ. शांतपणे म्हणाले, “मॅडम, घरी सगळं पाह्यलं. धान्याची कोठी पाह्यली, आईची पेटी पाह्यली. फाईल काही नाही भेटली.”

मला आधी कळेचना. मग कळलं आणि मी डोक्याला हात लावला. ह्या भल्या माणसाने रजा टाकून, यवतमाळ आणि वणी अशा गाड्या बदलत मुकुटबन गाठलं होतं. मी पडद्यावरचं घराचं चित्र दाखवलं, त्याच्या आत त्यांचं गाव दाखवलं, गावात त्यांची फाईल दाखवली. सरांनी त्या घराच्या चित्रावर बोट ठेवलं.

“मी रागवायला पाहिजे,” ते म्हणाले. “पण आई आजारी होती मॅडम. कोणी कळवलंच नव्हतं. तुमच्या त्या बोलण्यामुळं भेट झाली.” त्यानंतर त्यांच्या फाईलवर मी जास्तीची मेहनत घेतली.

आता दुकानातली एक रीत सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यामुळेच झालं. काम पूर्ण झालं की शेवटचं बटन, ते मोठं ‘एंटर’चं, गिऱ्हाइकाने दाबायचं. ह्याची सुरुवात एका म्हातारीने केली. नातीची पत्रिका झाल्यावर ती म्हणाली, “माह्या हातानं होऊ दे बाप्पा.” तिच्या नातीचं चांगलं झालं आणि गावभर झालं की ताईच्या दुकानात शेवटचं बटन आपण दाबायचं असते. मग कोणी चप्पल काढून दाबायचं, कोणी देवाचं नाव घेऊन. मी चौकट फिरवून योग्य फोल्डर उघडून द्यायची, आणि मग म्हणायची, दाबा.

शामरावभाऊ पहिल्यांदा आले ते एका मंडळाच्या पावतीपुस्तकासाठी. ढाणकीजवळच्या एका गावचे. दिवसा शेतात मजुरी, आणि जयंतीच्या दिवसांत गायनपार्टी घेऊन गावोगाव. बाबासाहेबांची गाणी, बुद्धाची गाणी, मधूनच शेताची, मायबाईची. सगळी स्वतः रचलेली आणि एकही लिहिलेलं नाही. मी म्हणायची, लिहून ठेवा हो भाऊ. त्यांचं उत्तर ठरलेलं असायचं. “कागदावर गेलं का गळ्यातून जाते, ताई.”

त्या वर्षी हिवाळ्यात ते आले तेव्हा आवाज घोगरा झाला होता. सोबत त्यांची मुलगी करुणा होती. गावात अंगणवाडी चालवायची. ती म्हणाली, “ताई, बाबाले उद्या नागपूरले नेऊन राह्यलो. डॉक्टर म्हनते घशातली आवाजाची पेटीच काढा लागते.” शामरावभाऊ तिच्याकडे न बघता खुर्चीवर बसले. बसण्याआधी त्यांनी खुर्चीवरून काहीतरी उचललं, फुंकलं आणि हसले. काय ते तेव्हा माझ्या लक्षात राहिलं नाही. निदान तसं मला वाटलं.

“आज गाऊन घेतो,” ते म्हणाले. “तुमी घ्या लिहून. गळा जाऊनच राह्यला, तं आता कागद कायले भ्याचा?”

ती दुपार मला अजून पुरी झाल्यासारखी वाटत नाही. करुणा स्टुलावर भिंतीला टेकून, मी मशीनवर, आणि ते डोळे मिटून. आवाज इतका बारीक की पंख्याच्या आवाजात बुडेल म्हणून मी पंखा बंद केला. त्यांना शब्द नुसते सांगता यायचे नाहीत. मी विचारलं, पुढची ओळ? तर ते अडायचे, मागे जायचे, धृपदापासून गुणगुणत यायचे आणि मग ओळ यायची. शब्द सुरावर बसून येत होते. सूर नसला तर येतच नव्हते. एक गाणं कापसाचं होतं. ते टाइप करताना माझी बोटं मंदावली:

बोंडामंदी निजला कापूस, हळूच येचा बाई,
सपनात त्याच्या झबलं होते, बाळ अजून नाई.

मी मधूनच म्हणायची, भाऊ, एकदा ठेवून घेऊ, लाईनचा भरवसा नाही. ठेवायचं म्हणजे नाव द्यायला हवं. ते मान हलवायचे. “पुरं झाल्याबिगर नाव नाई. पोराचं नाव पोटात असतानी ठेवतेत का?” मी पुढे टाइप करायची.

शेवटचं गाणं झालं. मी चौकट उघडली आणि म्हटलं, “आता सांगा नाव.” तेवढ्यात लाईन गेली आणि यूपीएस ओरडायला लागला. यूपीएस म्हणजे लाईन गेल्यावर मशीनला थोडा वेळ जगवणारा डबा. माझा जुना झाला होता आणि त्याची वायर ढिली होती. हलली की मशीन बंद. वायर दाबून धरायला मी टेबलाखाली शिरले. वर तो डबा टूं, टूं, टूं करत होता. शामरावभाऊंना त्यात ताल मिळाला, हे मला करुणाने नंतर सांगितलं. तीन टूं त्यांनी ऐकले आणि चौथ्यावर, समेवर यावं तसं, बटन दाबलं. पुढच्याच क्षणाला वायर निसटली आणि मशीन झोपलं.

मी टेबलाखालून निघाले. “दाबलं?”

“दाबलं नं. मशीन मरून राह्यलं होतं. नाव मंग ठेवू.”

“चौकट गेली होती ना?”

“गेलती.”

म्हणजे फाईल ठेवली गेली. त्यांनी दाबलं नसतं तर सगळी दुपार वाऱ्यावर गेली असती. मी देवाचे आभार मानले. लाईन काही संध्याकाळपर्यंत आली नाही आणि त्यांना गाडी धरायची होती. दारातून त्यांनी हात वर केला आणि “जयभीम ताई” म्हणाले. त्यांचा आवाज मी ऐकला तो शेवटचा.

करुणा पुन्हा आली तेव्हा ऊन तापायला लागलं होतं. जयंती जवळ आली होती. पार्टीने ठरवलं होतं की यंदा शामरावच्या जागी त्याची पोरगी गाईल आणि गाण्यांची लहानशी पुस्तिकाही काढायची. धृपदं सगळ्यांना येत होती. कडवी मात्र एकट्या त्यांच्या गळ्यात होती. आणि आता गळ्याच्या जागी एक भोक होतं, वर पांढरा रुमाल बांधलेला.

मी त्यांचा फोल्डर उघडला. आत जुनं पावतीपुस्तक, आणि दुसरं काही नाही.

करुणाने माझ्या चेहऱ्याकडे बघितलं. “नाई का ताई?”

“आहे. घरातच आहे कुठेतरी. जरा शोधू दे.”

नावाने शोधावं तर नावच दिलेलं नव्हतं. अशा फाईलला मशीन स्वतःच ‘निनावी’ म्हणून टाकायचं, आणि असे निनावी जीव प्रत्येक गावात पडलेले होते. तारखेने शोधावं तर मशीनच्या घड्याळाचा सेल कधीचा मेलेला. दर वेळी लाईन गेली की ते कुठल्यातरी जुन्या वर्षाच्या पहिल्या जानेवारीला जाऊन बसायचं. माझ्या दुकानात सगळ्या फायली एकाच दिवशी जन्मलेल्या होत्या.

मी त्यांच्या गावाचा फोल्डर उघडला. जयंती मंडळ पाहिलं. बुद्धविहाराच्या बांधकामाचा फोल्डर पाहिला. पार्टीतल्या ढोलकीवाल्याचा पाहिला, त्याच्या भावाचा पाहिला. शेजारच्या गावांतली सगळी मंडळं पाहिली. निनावी उघडायची आणि आत निघायचा कोणाचा तरी अर्धवट अर्ज. करुणा म्हणाली, “बाबाले पाटीवर लिहाले लावलं ताई. पहिली ओळ लिहितेत आन् थांबतेत. पुढचं येतच नाई. ओठ हालवतेत नुसते.” बाप रोज सकाळी पाटी घेऊन ओट्यावर बसतो आणि दुपारी ती पुसून परत देतो, असं ती म्हणाली. माणसाचं आयुष्यभराचं गाणं आपल्या दुकानात हरवलं, ह्यासारखं वाईट काय असणार.

दुपारी लाईन गेली. करुणा तशीच बसून होती. मी डोळे मिटले. मनात रफीकभाईंचं बोलणं आलं: चौकट शेवटी ज्याच्या दारात गेली, तिथेच उभी राहते. मग शामरावभाऊंच्या आधी माझ्याकडे कोण आलं होतं?

आठवेना. हंगामातल्या माणसांचे चेहरे एकमेकांत मिसळलेले असतात. मी डोळे उघडले तर झरोक्यातून तीच उन्हाची पट्टी आली होती आणि तिच्यात कापसाची एक पिंजर तरंगत होती. हंगाम संपला होता, तरी ही कुठून आली कोण जाणे. वर गेली, खाली आली. मी तिच्याकडे बघत राहिले. आणि ती दुपार हळूहळू मागून पुढे यायला लागली. शामरावभाऊ बसायला वाकले. खुर्चीवरून त्यांनी काहीतरी उचललं. पांढरं. फुंकलं आणि हसले.

“करुणा, त्या दिवशी बसायच्या आधी तुझे बाबा काय म्हणाले ग?”

ती विचारात पडली. मग म्हणाली, “म्हने, बापूसायबाचा कापूस हाये, चिकटन मले.”

बापूसाहेब शामरावभाऊंच्याच गावचे. गावातले मोठे शेतकरी, कापूस आणि तूर. त्या दिवशी सकाळी ते मुलीची पत्रिका ठरवायला आले होते. कापसाच्या गाड्यांबरोबर दुसऱ्या एका चालू जिनिंगच्या आवारात मुक्काम करून आलेले, सगळ्या कपड्यांवर पिंजर. प्रूफ येईपर्यंत खुर्चीतच झोपले होते. दारातून निघताना त्यांची आणि शामरावभाऊंची गाठ पडली होती.

त्या गावाच्या फोल्डरात मी इतकं हिंडले आणि बापूसाहेबांचं दार एकदाही उघडलं नव्हतं. शामरावची गाणी तिथे कशी असतील, हे मी मनाशीच ठरवून टाकलं होतं. गावात जशी वस्ती वेगळी असते, तशी ती माझ्या डोक्यातही वेगळीच होती. रफीकभाईंनी सगळ्यांना एका घरात आणून ठेवलं होतं, पण मी आपली त्यात गल्ल्या पाडून फिरत होते.

लाईन आली. मशीन सुरू झालं. बापूसाहेबांच्या फोल्डरात मुलीच्या पत्रिकेच्या खाली निनावी. उघडली, आणि पहिल्याच पानावर कापूस निजलेला होता. करुणा पडद्याला हात लावून रडली. मीही रडले.

दुसऱ्या दिवशी ती बापाला घेऊन आली. शामरावभाऊ वाळले होते, पण डोळे तेच. मांडीवर पाटी. करुणाने पडद्यावर बघून एकेक गाणं म्हटलं, आणि ते टेबलावर बोटांनी ठेका धरून ऐकत होते. कुठे शब्द चुकला की ठेका थांबायचा. मी तेवढं दुरुस्त करायची. ठेका पुन्हा सुरू व्हायचा. त्या कोरड्या बोटांच्या आवाजात मला तरी त्यांचा जुना आवाज ऐकू येत होता.

सगळं झाल्यावर मी सांगितलं, फाईल कुठे सापडली ते. मग त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतात. ते हसत होते. हसायला आवाज लागतो हे मला तोवर माहीत नव्हतं; रुमालाखालून नुसती हवा येत होती. त्यांनी पाटीवर लिहिलं आणि माझ्यापुढे धरली.

‘माहा बाप त्या घरच्या उंबऱ्याच्या आत नाई गेला. मी गाण्यासकट राहून आलो.’

मी चौकट उघडली. “आता तुमच्या फोल्डरात ठेवते. नाव सांगा.”

त्यांनी पाटी पुसली. करुणा म्हणाली, “बाबा, नाव?” त्यांनी मान हलवली आणि लिहिलं, ‘हायेच नाव. निनावी.’ मग खाली बारीक अक्षरात, ‘ताई, सगळ्याच्या घरी ठेवता येते का?’

येतं. एका फाईलच्या हव्या तेवढ्या प्रती करता येतात, त्याला काही लागत नाही. मी घराच्या चित्रावर गेले. ढाणकी, उमरखेड, महागाव, गुंज. प्रत्येक गाव, आणि गावात प्रत्येक माणूस. सरपंच, सोसायटी, सावकार, शाळा, दर्गा, देवस्थान, सगळे. एकेका फोल्डरात शिरायचं, चौकट उघडायची, आणि म्हणायचं, दाबा. शामरावभाऊ दाबायचे. मधे लाईन गेली, आम्ही चहा घेतला, पुन्हा बसलो. गिऱ्हाइकांच्या फोल्डरात त्यांना न विचारता दुसऱ्याची फाईल ठेवायची नसते, हा आमच्या धंद्याचा दुसरा धडा. तो त्या दिवशी मी आनंदाने मोडला.

जयंतीला करुणा गायली. मी गेले होते. बाप स्टेजच्या खाली बसून ठेका धरत होता.

बापूसाहेब पुढच्या हंगामात कसल्याशा अर्जासाठी आले. मी त्यांचा फोल्डर उघडला. त्यांनी चष्मा पुढे ओढला. “बाईसाहेब, हे निनावी काय आहे? माह्यं तर नाई हे.”

मी खरं ते सांगितलं. ते म्हणाले, “उघडा.” त्यांनी सगळी गाणी वाचली. त्यात एक गाणं उंबऱ्याबाहेर पाण्यासाठी ओंजळ धरून उभ्या असलेल्या पोराचं होतं. घराचं नाव नव्हतं. ते गाणं त्यांनी दोनदा वाचलं. मी विचारलं, “काढून टाकू का?”

“राहू द्या,” ते म्हणाले. “आलंच हाये घरात, तं बसू द्या.” आणि अर्जाचं बोलायला लागले.

मग मोबाईल आले. लोकांना पत्रिका हातातच करता यायला लागल्या. मी दुकान आवरलं तेव्हा ज्याचा त्याचा फोल्डर ज्याला त्याला पेन ड्राईव्हमध्ये टाकून दिला. गावं एकेक करून माझ्या घरातून गेली. शामरावभाऊ त्याच्या आधीच गेले होते.

गेल्या कापूस-वेचणीत एका दुपारी फोन आला. आत्राम सर. निवृत्त होऊन आता मुकुटबनलाच असतात. आवाज म्हातारा झाला होता, पण शांतपणा तोच.

“मॅडम, तुम्ही दिलेला पेन ड्राईव्ह नातीनं उघडला. माझ्या गोष्टींच्या खाली कोणाची तरी गाणी आहेत. मी इथं पोरांना चाल लावून दिली. रानात म्हणून राह्यलेत, ऐका.” त्यांनी फोन दूर धरला. वाऱ्याचा आवाज आला आणि त्यातून मुलांचा, पुसट, दुसऱ्याच चालीवर: ‘बोंडामंदी निजला कापूस...’

गाणं संपल्यावर मी विचारलं, “सर, कुठे सापडली म्हणालात फाईल?”

“घरी,” सर म्हणाले.